नव्या सायलेन्सरचं पाणी

५ डिसेंबर, शुक्रवार
गाडीला नवा सायलेन्सर बसवला. जुन्याचा मागचा डबा खोलताना इस्माईल मिस्त्रींच्या हातातच आला, पापडासारखा. सव्वादोन तास लागले. "बैठो ना मॅडम" तीनदा म्हणाले. बसले नाही. आपण उभं राहिलं की काम नीट होतं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात, रंगखात्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली ती उभ्यानेच.

घरी आणली. मी भाजीला गेले तेवढ्यात ह्यांनी गाडीची पूजा उरकून घेतली. परत आले तर नारळ फुटलेला, चाकाला हळदकुंकू, आणि हे मोरीत हात धूत उभे. बराच वेळ धूत होते. "कुंकू जात नाही गं."

नितीनचा पुण्याहून फोन. मुलगा म्हणून काळजी आहे हे कळतं, पण रोज तेच. गाडी तेरा वर्षांची, तुझं वय सदुसष्ट, विकून टाक. म्हटलं, आपलं ठरलंय ते ठरलंय. नवा सायलेन्सर घातल्यावरही धूर आला तर इंजिन गेलं समजायचं आणि गाडी द्यायची. नाही आला तर गाडी राहणार, विषय बंद. तो म्हणाला, "लिहून ठेव."
हे घे, लिहिलं.

६ डिसेंबर, शनिवार
स. ७.१०. गाडी चालू केली. पाच मिनिटं, घड्याळ लावून. ह्यांनी चालवणं सोडल्यापासून चार वर्षांत एकही सकाळ चुकवलेली नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

धूर.

पांढरा, भरपूर. पाइपातून थेंब थेंब पाणीही, फरशीवर बशीएवढा डाग. शिवाय गाडीच्या पोटाखालून वेगळाच, निळसर, आणि त्याला चक्क भज्यांचा वास. शेजारी अंबादासरावांकडे काही तळत असतील म्हटलं.

अं.राव स्वतःच भिंतीवरून डोकावले. जन्मभर सहा यंत्रमाग चालवले, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात असा समज. "अय्यो वैनी! हेड गॅस्केट गेली की हो. पाणी इंजिनात शिरायलंय. माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच गेली."
"तुमच्याकडे भजी चाललीत का?"
"नाही हो. सकाळी सकाळी कोण भजी..."
७.१५ला बंद केली.

हे दारात उभे होते. धूर दिसला नसेल. काचबिंदूने आता समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. पण अं.रावांचा आवाज साऱ्या गल्लीने ऐकला. आत गेले आणि रेडिओ लावला.

७ डिसेंबर, रविवार
नितीनला कळवलं. धूर आला, पाणी आलं. लपवायचं कशाला. "मग आई, ठरल्याप्रमाणे?" ठरल्याप्रमाणे. एकवीस तारखेला, रविवारी, तो घेणाऱ्याला घेऊन येतोय. चौदा दिवस.

गाडीचं मला काही नाही. लोखंड आहे. पण आक्का.

आक्का माझी मोठी बहीण, ब्याऐंशीची. जेऊरच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठी घर. गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे जात नाही. सगळीकडे ऊस नि केळी झाली तरी ज्वारीचा एक तुकडा अजून राखते, केवळ हुरड्यासाठी. दरवर्षी बोलावते. दोन हुरडे गेले. "मी येऊन नेतो" असं नितीन दोन्ही वर्षी म्हणाला, दोन्ही वर्षी सुट्टी मिळाली नाही. एसटी टेंभुर्णीला बदलावी लागते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हे स्टँडवर एसटीच्या पायरीवरून पडले तेव्हापासून मी त्यांना एसटीत चढवत नाही. भाड्याची गाडी केली की तिचा ड्रायव्हर टेकू देत नाही. पोचलो की लगेच "निघायचं का काकू" सुरू.

ह्यांची पहिली नोकरी जेऊर स्टेशनवरची, पार्सल ऑफिसात. आमचं लग्न आक्कानेच जुळवलं. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर जपा, वाढणार नाही. हे कधी काही मागत नाहीत. परवा औषध घालताना वर बघत म्हणाले, "आक्काच्या इथलं पाणी अजून एकदा बघावं म्हणतो." आणि लगेच, "ड्रॉप्स झाले का गं?"

८ डिसेंबर, सोमवार
डोकं थंड करून पाहिलं.

रंगखात्यात नवा बॉयलरवाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच शिकवायची: पांढरं दिसलं की ओरडायचं नाही. बघायचं. वाफ पाइपाच्या तोंडापासून जराशी पुढे दिसायला लागते आणि विरून जाते. धूर तोंडापासूनच दिसतो आणि रेंगाळतो. हे शिकवायचं दुसऱ्यांना. शनिवारी मी स्वतः पाच मिनिटं नुसती घाबरून उभी होते.

आज पाहिलं. पांढरं आहे ते दोन हातांवर विरतं, तुळशीपर्यंतही पोचत नाही. निळसर आहे ते विरत नाही, पत्र्याखाली घुटमळतं. म्हणजे दोन गोष्टी आहेत. आपण एक समजत होतो.

कारखान्यातला न रंगवलेला पांढरा नॅपकिन पाइपाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला. दोन मिनिटं. ओला झाला, मध्ये काळे ठिपके. हुंगला. कूलंटसारखा गोड वास नाही, तेलाचाही नाही. पाणी आणि काजळी.

आधी वाटलं होतं, गॅस्केट गेली असेल तर कूलंटचा हिरवा रंग नॅपकिनवर उतरेल. मूर्खपणा. इंजिनात गेलेला रंग जळून जाणार, उतरेल कुठून. रंगात आयुष्य घालवून हे सुचावं. रंगावरून काही ठरवायचं नाही. पातळीवरून ठरवायचं. इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली.

९ डिसेंबर, मंगळवार
कूलंट रेघेवर. इंजिन ऑइलचं झाकण उघडलं. आत पाणी गेलं असतं तर ताकासारखा फेस चिकटलेला असता. नाही. पण एका दिवसाच्या नोंदीवर विसंबायचं नाही.

अं.राव: "विकायच्या आधी माझ्या मेव्हण्याला दाखवा वैनी."
"ज्यांची गाडी गेली तेच ना?"
"होय तेच."
"मग नको."
हे आतून हसले. शनिवारपासून पहिल्यांदा.

११ डिसेंबर, गुरुवार
तिसऱ्या दिवशीही कूलंट रेघेवर, केसभर हललेलं नाही. गॅस्केट नाही. हे मी आता कोणासमोरही सांगेन.

राहिला निळसर धूर. गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. (उठताना दहा मिनिटं लागली, ते असो.) नव्या डब्यावर, पाइपावर, सगळीकडे चिकट पिवळा थर. बोट लावून हुंगलं. करडईचं तेल. घरात येऊन डबा बघितला. गेल्या आठवड्यात भरलेला, अर्ध्यावर.

"अहो."
"हं."
"सायलेन्सरला तेल कोणी लावलं?"
रेडिओचा आवाज थोडा कमी झाला. "नवं लोखंड आहे म्हटलं. गंजू नये."
"म्हणून करडईचं?"
"नवा तवा आणला की तू काय करतेस? तेल लावून ठेवतेस दोन दिवस."
"तवा चुलीवर असतो. हा गाडीखाली आहे."
"तापतो तोही."
खाली बसायलाही त्रास होतो ह्यांना. नीट दिसत नाही. आडवं होऊन, हाताने चाचपडत सगळ्या पाइपाला तेल चोळलं. मी भाजीला गेले होते तेवढ्या वेळात. म्हणून ते हात धुणं.
ओरडणार होते. ओरडले नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सोड्याच्या गरम पाण्याने सायलेन्सर पुसला. हे चिंध्या पिळून देत होते. "इकडून दे, तिकडून घे" करत दुपार झाली. नंतर गाडी चालू करून पाहिली. निळसर धूर जवळपास गेला. उरलासुरला जळून जाईल. भज्यांचा वासही गेला. हे म्हणाले, वाईट वाटतं.

पांढरी वाफ आणि पाणी मात्र तसंच. आणि पुसताना नवीनच दिसलं. डब्याच्या खालच्या अंगाला मुगाएवढं भोक, पाणी तिथूनही टपकतंय. आठ दिवस झाले नाहीत बसवून. उद्या मिस्त्रींकडे जाते.

१३ डिसेंबर, शनिवार
जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गॅरेजमध्ये चार माणसं होती. मी गेल्या गेल्या, "हे काय? नव्या डब्याला भोक? पाणी गळतंय. फुटका माल लावून दिलात." आवाज माझा मोठाच आहे, तिथे पत्र्यामुळे घुमलाही.
मिस्त्री हात पुसत आले, वाकून पाहिलं. "मॅडम, ये होल बनाके देते. पानी जाने के वास्ते."
"कसलं पाणी?"
"अंदर का. बंद नक्को करो, नै तो सड जाएगा."
बुजवून घ्यायला मी लांबीचा, म्हणजे पुटीचा, डबा बरोबर नेला होता. पिशवीतून बाहेर काढला नाही.

मग त्यांनी भंगारातून माझाच जुना डबा ओढून काढला आणि ग्राइंडरने उभा कापला. आतून गंजाचे पोपडे पडले, ओंजळभर. तळाला अजून ओला गाळ. बाहेरचा पत्रा त्या मानाने शाबूत.
"देखो. बाहर से नै सडा, अंदर से सडा. गाडी कितना चलाते?"
"रोज. सकाळी सात-दहाला. बरोबर पाच मिनिटं." हे मी अभिमानाने सांगितलं.
"पाच मिनट में किधर जाते?"
"कुठे नाही. दारातच चालू ठेवते."
मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "मॅडम, पाच मिनट में पानी बनता, सूखता नै. पाइप गरम हुआच नै तो सूखेगा कैसा? रोज थोडा पानी, रोज बंद."
"मग करायचं काय?"
"हायवे पे निकालो. एक घंटा. पूरी गरम होने दो."

"मी मोठ्याने बोलले. माफ करा," म्हटलं. त्या चौघांसमोरच म्हटलं, ओरडले तेही त्यांच्यासमोरच होतं.
"क्या मॅडम. मेरी अम्मी इससे जोर से बोलती."

१४ डिसेंबर, रविवार
बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. जुन्या वीजबिलाच्या पाठीवर समीकरण मांडलं. पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, हे दहावीतली मुलगी सांगेल. किती पाणी, ते कधी काढून पाहिलं नव्हतं. लिटरभर पेट्रोलमागे साधारण लिटरभर. चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. तेवढंच.

तापलेल्या पाइपातून ते वाफ होऊन निघून जातं. गार पाइपात ते पाइपातच राहतं. रंगखात्यात सकाळी वाफेची लाइन सुरू करताना आधी साठलेलं पाणी सोडायचं, नाहीतर लाइन आतून खराब होते. किती जणांना मी ह्यावरून झापलंय. आणि स्वतःच्या दारात, चार वर्षं, घड्याळ लावून, रोज सायलेन्सरात पाणी भरत होते. शिस्तीने करत होते म्हणून ते बरोबर वाटत होतं.

अजून एक आहे, तेही लिहून टाकते. गाडी मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, ह्यांची नजर जायला लागल्यावर. मंडई, डॉक्टर, बँक. त्यापुढे कधी नाही. हायवेवर एकदाही... लोकांना सांगते वेळ नसतो, तिकडे काम काय. काम आहे. दोन वर्षांपासून आहे. नितीनला सुट्टी मिळाली नाही हे खरं. आमच्या दारात गाडी उभी होती आणि मला परवाना होता, हेही खरं.

१५ डिसेंबर, सोमवार
सात-दहाला गाडी चालू केली नाही. हात नुसते शिवशिवत होते.

चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं, "मला हायवेची भीती वाटते."
"माहितीय."
"कधीपासून?"
"तू रोज सकाळी गाडी चालू करून बंद करतेस तेव्हापासून."
बशीतला चहा संपवून मग म्हणाले, "मी शेजारी बसतो. मला समोरचं अजून चांगलं दिसतं. आरशातलं तू बघ."

१६ डिसेंबर, मंगळवार
मोहोळपर्यंत गेलो आणि परत आलो.

पुणे नाका ओलांडेपर्यंत तोंड कोरडं. नंतर जमलं. पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही, मागून सगळे हॉर्न मारत होते, मारू दे. सध्या कारखाने चालू आहेत, त्यामुळे रस्ताभर उसाच्या जोड ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाणी अशी की आपला हॉर्न आपल्यालाच ऐकू येत नाही. एका ट्रॉलीच्या मागे सात-आठ किलोमीटर तशीच चालले.
"आता जा," हे.
"थांबा."
"मोकळं आहे समोर."
"थांबा म्हटलं ना."
"ह्या उसाबरोबर आपणही कारखान्यात जाणार आहोत का?"
गेले. आरशात पाहिलं, ट्रॉली मागे पडत होती. मी कोणाला तरी मागे टाकलं.

मोहोळला चहा घेतला. ह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ड्रायव्हरचा चहा कोणत्या खात्यात?"

घरी आल्यावर तशीच मागे जाऊन पाहिलं. इंजिन चालू, पाइपाचं तोंड कोरडं. वाफ नाही, थेंब नाही. भोकातून काही नाही. अर्धा तास तिथेच घुटमळत होते. कारण काही नव्हतं.

१७ डिसेंबर, बुधवार
सकाळी जरा चालू केली, बघायला म्हणून. थंडी जास्त होती. पाइपातून पांढरं, पहिल्यासारखंच. काल एवढी तापवून आणली आणि आज परत तेच. हिरमुसले. चार दिवसांवर एकवीस तारीख, नितीन मागे उभा राहणार, आणि हे दिसणार.

नऊला आक्काचा फोन.
"तुजी गाडी धूर सोडतीया म्हनं? नितीन सांगत हुता."
"धूर नाही गं, वाफ. काल तासभर चालवून सुकवली, आज पुन्हा आहेच."
"मग? म्हस बी सोडतीया की. पहाटं गोठ्यात यिऊन बघ, नाकातनं भकाभका. ऊन चढलं की न्हाय दिसत. म्हनून काय म्हस इकायची व्हय?"
मी दारातून गाडीकडे पाहत राहिले.
"हाईस का?"
"आहे."
"हुरडा अजून कवळा हाय. आठ दिसात टनक हुतोय. येतीस का न्हाई तेवडं बोल."

बरोबर आहे तिचं. आतली हवा गरम आणि ओली, बाहेर गार सकाळ. दिसणारच. रोज दिसेल. थांबवायचं नाहीच आहे ते. सुकण्याएवढी गाडी चालवायची, बस. हे मला रविवारी समीकरण मांडलं तेव्हाच कळायला हवं होतं. समीकरणात थंडी नव्हती.

१८ डिसेंबर, गुरुवार
पीयूसी करून आणलं. पास. तो मुलगा म्हणाला, "काकू, छान मेंटेन केलीय." म्हटलं, नाही केलेली.

नितीनला सगळं लिहून पाठवलं, नॅपकिनपासून. दहा मिनिटांत फोन.
"आई, तू मोहोळला गेलीस? एकटी?"
"बाबा होते."
"बाबांना दिसत नाही!"
"समोरचं दिसतं."
"धूर थांबला की नाही, एवढंच सांग."
"धूर थांबला. तो तेलाचा होता, तुझ्या बाबांनी पूजेच्या वेळी लावलेल्या. वाफ थांबणार नाही. थंडीत सकाळी दिसणारच. इंजिनाला काही झालेलं नाही. जुना सायलेन्सर सडला तो माझ्यामुळे, पाच-पाच मिनिटांनी."
"म्हणजे चूक तुझी?"
"माझी."
माझ्या तोंडून हा शब्द त्याने फारसा ऐकलेला नाही. मग, "आता मी घेणाऱ्याला काय सांगू? रविवारचं सांगून बसलोय."
"त्याला हुरडा आवडतो का विचार."
"आई!"
"परवा सकाळी आम्ही आक्काकडे निघतोय. गाडी तिथे असेल. तू तिकडे ये. शेजारी बस, मी चालवून दाखवते. तरीही धूर आहे असं तुला दिसलं तर मी शब्द पाळीन."
"बघतो," म्हणाला आणि ठेवला. नितीनच्या बघतोचा काहीही अर्थ होऊ शकतो.

अं.रावांना घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. "वैनी, गॅस्केट तेवढी..." "तुमच्यासाठी हुरडा आणते." गॅस्केट राहिली बाजूला.

२० डिसेंबर, शनिवार. आक्काकडे
पोचलो. साडेतीन तास, दोनदा थांबून. टेंभुर्णीला वळण चुकले, पुढे जाऊन परत फिरले. आवाज न चढवता. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आक्का अंगणात बाजेवर. केस पूर्ण पांढरे झालेत. मी वाकले तर माझी हनुवटी धरून ठेवली. "लई उशीर केलास."
"साडेतीन तासच लागले आक्का."
"दोन वर्सं म्हनतीया मी."

तिने गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली. अंगणापलीकडे जात नाही म्हणतात, गाडी अंगणापलीकडेच लावली होती. सायलेन्सरला काठीने टकटक करून पाहिलं. "ह्योच का त्यो? ह्येच्यापायी एवडं रामायन?"

संध्याकाळी ह्यांना घेऊन पाण्यावर गेले. उन्हं उतरत होती. हे काठावर दगडावर बसले.
"होडी आहे ना समोर?"
"आहे."
"दिसली." मग, "डावीकडे काय आहे?"
सांगितलं. पंपांचे पाइप पाण्यात गेलेत, त्यापुढे केळी, एक माणूस जाळं झाडतोय, त्याच्याजवळ बगळे थांबलेत.
"उजवीकडे?"
"ऊस. नुसता ऊस."
"ऊस पुरे झाला," म्हणाले. मग मान हळूहळू वळवत, डावीकडून, एकेक तुकडा स्वतः बघत गेले. अख्खं पाणी व्हायला बराच वेळ लागला. मी घाई केली नाही.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी आगटी पेटवली. आक्का स्वतः कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात सरकवते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. भाजलेलं कणीस हातावर चोळून दाणे आधी ह्यांच्या ओंजळीत. शेंगाचटणी, गूळ. हे खात होते. मग विचारलं, "पार्सल मिळेल का?" आक्का म्हणाली, "पार्सलवाला पावना, सवय जाईना."

९.४० नितीनचा मेसेज. "निघालोय." एकटा की घेणाऱ्यासकट, लिहिलेलं नाही. फोन केला, लागला नाही. इथे बांधावर उभं राहिलं तरच रेंज येते.

आक्का विचारते, "किती जनं येत्याती? कनसं तेवडी तोडाया सांगते."
"एक. कदाचित दोन."
"दोन धरते. त्यो गिऱ्हाइक का कोन, त्यो बी खाऊंदे. खाल्ल्यावर मानूस नीट बोलतंय."

गाडी पुसून ठेवली. चावी कमरेला. नितीनला कुठल्या रस्त्याने न्यायचं ते पाहून आले: पाण्याच्या कडेने फाट्यापर्यंत, तिथून डांबरीवर, आणि पंधरा-वीस किलोमीटर तरी. थोडक्यात दाखवण्यात अर्थ नाही. तो काय म्हणेल सांगता येत नाही. लहानपणीही गणित पटेपर्यंत पुढे जायचा नाही. पटलं की मात्र...

उद्या सकाळी परत निघायचं असं मी सोलापुरातच सगळ्यांना सांगितलं होतं. आक्का म्हणते मंगळवार. हे चपला काढून पाण्याकडे तोंड करून बसलेत.

बघू. ठरलेलं नाही.